फ्लोराइडचं परीक्षण: पेस्ट, माउथवॉश, जेल, वार्निश आणि काळं पाडणारा थेंब

टूथपेस्टच्या खोक्यावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याचा दाताला फारसा उपयोग नसतो. चमक, ताजेपणा, बारा तासांचं संरक्षण वगैरे. कामाची ओळ मागच्या बाजूला, भिंग लागेल अशा टायपात असते: सोडियम फ्लोराइड ०.३२ टक्के, किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट ०.७६ टक्के, किंवा स्टॅनस फ्लोराइड ०.४५४ टक्के. या परीक्षणात माल तपासलाय तो त्या एका ओळीवरून. रंग, फेस, पुदिना यांना गुण नाहीत.

कसोटीही एकच ठेवली आहे. वापरानंतर तोंडात, म्हणजे लाळेत आणि दातावरच्या प्लाकमध्ये (जंतूंच्या चिकट थरात), मोकळं फ्लोराइड किती उरतं आणि किती वेळ टिकतं? आणि ते मिळवताना पोटात किती जातं? पहिला आकडा जास्त आणि दुसरा कमी, तो माल चांगला.

हीच कसोटी का, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानातले बहुतेक दावे इथेच घसरतात. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं टणक कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हा कॅल्शियम आणि फॉस्फेटचा स्फटिक. त्यात कार्बोनेटची भेसळ असते आणि त्या भेसळीमुळे ते आम्लात लवकर विरघळतं. प्लाकमधले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतात. लाळेने आम्ल निवलं की तेच आयन परत आत बसतात. ही ये-जा रोज, प्रत्येक खाण्यानंतर चालू असते. जाणं जास्त आणि येणं कमी असं महिनोन्‌महिने झालं की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो, मग वरचा पापुद्रा खचतो आणि खड्डा पडतो.

स्फटिकात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसलं की फ्लोरअ‍ॅपेटाइट तयार होतो आणि तो साधारण ४.५ पीएचपर्यंत तग धरतो. यावरून पूर्वी असं धरलं गेलं की फ्लोराइड दातात जितकं मुरवाल तितका दात पक्का, आणि म्हणून लहानपणी गोळ्या गिळायला द्याव्यात. हे गणित पुढे बदललं. शार्कच्या दाताचं बाहेरचं कवच जवळजवळ शुद्ध फ्लोरअ‍ॅपेटाइट असतं. त्याचे तुकडे माणसाच्या तोंडात उपकरणाला बसवून, वर मुद्दाम प्लाक साचू देऊन पाहिले गेले, तेव्हा त्यांतूनही खनिज निघून गेलं. माणसाच्या इनॅमलपेक्षा कमी गेलं, पण गेलं. नुसतं आत मुरलेलं फ्लोराइड पुरत नाही, हा त्याचा अर्थ. आम्लाचा हल्ला चालू असताना स्फटिकाभोवतीच्या पाण्यात थोडंसं मोकळं फ्लोराइड हजर असेल, तर ते स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून विरघळणं रोखतं आणि पीएच वर येताना कॅल्शियम-फॉस्फेटला परत बसायला मदत करतं. त्यासाठी लागणारी मात्रा एक पीपीएमहूनही (दहा लाख भागांत एक भाग) कमी असते. ती सतत असावी लागते, एवढंच.

ही हजेरी टिकते कशी? ब्रश केल्यावर लाळेतलं फ्लोराइड एकदम चढतं आणि एक-दोन तासांत पूर्वपदाच्या जवळ येतं. पण दरम्यान दातावर आणि प्लाकमध्ये कॅल्शियम फ्लोराइडसारखे अतिसूक्ष्म गोळे बसतात. त्यांच्यावर फॉस्फेट आणि लाळेतल्या प्रथिनांचा थर असतो, म्हणून ते लगेच विरघळत नाहीत. पीएच उतरला की तो थर सुटतो आणि फ्लोराइड मोकळं होतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. पेस्ट, जेल, वार्निश या सगळ्यांचं खरं काम हा साठा भरून ठेवणं आहे.

जंतूंवरचा परिणाम जाहिरातीत फुगवून सांगतात. यंत्रणा मात्र खरी आहे आणि मजेशीर आहे. आम्लात फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजन फ्लोराइड बनतो, आणि हा विद्युतभार नसलेला रेणू जंतूच्या पडद्यातून आरामात आत शिरतो. पीएच ७ ला जेवढा हायड्रोजन फ्लोराइड असतो त्याच्या सुमारे शंभर पट पीएच ५ ला असतो. म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्ससारखा जंतू जितकं आम्ल करेल तितकं जास्त विष स्वतःच्या पोटात ओढून घेतो. आतला पीएच जास्त असल्यामुळे तिथे रेणू पुन्हा फुटतो. प्रोटॉन पेशीला आतून आंबवतो, आणि फ्लोराइड एनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. साखर फोडण्याची साखळी तिथे अडली की त्याच साखळीत पुढे तयार होणाऱ्या, साखर आत ओढायला लागणाऱ्या फॉस्फेटचाही तुटवडा पडतो. जंतू मरत नाही, मंदावतो. रोजच्या सोडियम फ्लोराइडच्या पेस्टमध्ये हा परिणाम दुय्यम आहे आणि तो गेलेलं खनिज परत बसण्याची जागा घेऊ शकत नाही. ‘९९ टक्के जंतू मारते’ असं खोक्यावर असेल तर ते इतर कुठल्यातरी घटकाच्या जिवावर असतं, आणि किडीशी त्याचा संबंध सैल असतो.

सोडियम फ्लोराइड: डोळे मिटून घ्यावी अशी

सिलिका हे घासण्याचं द्रव्य आणि १,४५० पीपीएम सोडियम फ्लोराइड, ही जोडी सगळ्यात सरळ आणि भरवशाची. पाण्यात विरघळताच पूर्ण फ्लोराइड मोकळं होतं, कुणाच्या मदतीची वाट पाहावी लागत नाही. ट्यूबमध्येही ती स्थिर राहते. एकच अट, सोबत खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, नको. घटकांत कॅल्शियम कार्बोनेट आणि सोडियम फ्लोराइड एकत्र दिसले तर ती ट्यूब परत ठेवावी. खडूतलं कॅल्शियम हे फ्लोराइडला ट्यूबमध्येच धरून ठेवतं, न विरघळणारा साका होतो. खोक्यावर एकूण फ्लोराइड बरोबर छापलेलं असतं, तोंडात मात्र त्याचा थोडाच भाग पोचतो. ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ यांतला हा फरक खोक्यावर सहसा लिहिलेला नसतो, तो घटकांवरूनच ओळखावा लागतो.

मोनोफ्लुओरोफॉस्फेट: चालते, पण तारीख बघून

खडूवाल्या पेस्टसाठी हेच संयुग वापरतात, कारण इथे फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं आणि कॅल्शियमशी लगेच भांडत नाही. तोंडात आल्यावर लाळेतली आणि प्लाकमधली फॉस्फेटेज एन्झाइमं ते सोडवतात. म्हणजे सुरुवात थोडी संथ. किडीच्या बाबतीत ही पेस्ट वाईट नाही, वर्षानुवर्षं ती जगभर वापरली गेलीय. अडचण साठवणीत आहे. ट्यूबमधल्या पाण्यात बंध हळूहळू तुटत राहतो, सुटलेलं फ्लोराइड शेजारच्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं, आणि उन्हात किंवा गरम गोदामात ही गती वाढते. म्हणून या पेस्टची एक्स्पायरी ही नुसती औपचारिकता नाही. संपायला दोन-तीन महिने उरलेली, सवलतीत मिळणारी मोठी ट्यूब घेऊ नये. दुसरी खोच अशी की हिरड्यांच्या आजारासाठी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश चालू असेल तर ते आणि ही पेस्ट लागोपाठ वापरू नयेत. दोघं एकमेकांना निकामी करतात. मध्ये किमान अर्धा तास हवा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळेही हेच होतं, म्हणून क्लोरहेक्सिडिन चालू असताना पेस्ट कोणतीही असो, हा अर्धा तास पाळावा.

स्टॅनस फ्लोराइड: सगळ्यात गुणी आणि सगळ्यात हट्टी

किडीविरुद्ध पहिल्यांदा ठोस परिणाम दाखवणारी पेस्ट याच संयुगाची होती. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जोसेफ मूलर आणि सहकाऱ्यांनी ती घडवली, १९५०च्या दशकाच्या मध्यात ती क्रेस्ट या नावाने बाजारात आली आणि १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तिला मान्यता दिली. इथे फ्लोराइडसोबत कथिलही काम करतं. कथिलाचे आयन जंतूंची आम्ल करण्याची क्षमता दाबतात, त्यामुळे हिरड्यांची सूज आणि रक्त येणं कमी होतं. सोडियम फ्लोराइडला हे जमत नाही. ते आयन डेंटिनच्या, म्हणजे इनॅमलखालच्या थराच्या, उघड्या नलिकांची तोंडं बुजवतात, म्हणून थंड लागल्यावर येणारी कळ कमी होते. आणि इनॅमलवर आम्लाला दाद न देणारा पातळ थर बसवतात. सरबतं, शीतपेयं किंवा वारंवार होणारी आम्लपित्ताची उलटी यांनी दात झिजत असतील तर ही पेस्ट उजवी.

हट्ट असा की पाण्यात ती टिकत नाही. कथिल ऑक्सिडाइझ होऊन निकामी रूपात जातं. जुन्या ट्यूबांचा हा मोठा दोष होता. आता ग्लुकोनेट, फॉस्फेट किंवा जस्ताचे क्षार घालून, काही वेळा पाणी जवळजवळ वगळून तिला सांभाळतात. चव धातूसारखी, तुरट. आणि दातावर, विशेषतः दोन दातांच्या फटीत, पिवळट-तपकिरी डाग पडतात. डाग वरवरचे असतात, स्वच्छतेच्या वेळी पूर्ण निघतात, पण चहा-कॉफी आणि सिगारेट असली की लवकर बसतात. हे आधी माहीत नसेल तर लोक दात किडले म्हणून धास्तावतात. नव्या पिढीच्या पेस्टमध्ये डाग पुष्कळ कमी झालेत, शून्य नाहीत.

अमाइन फ्लोराइडबद्दल थोडक्यात. हा फ्लोराइडला साबणासारख्या सेंद्रिय रेणूशी जोडण्याचा प्रकार आहे, तो दाताच्या पृष्ठभागावर पटकन पसरतो. चांगला आहे. सोडियम फ्लोराइड नीट वापरणाऱ्याने मुद्दाम शोधत फिरावं इतका वेगळा नाही.

खोका वाचायचा कसा

काही खोक्यांवर पीपीएम लिहिलेलं नसतं, फक्त संयुगाची टक्केवारी असते, आणि इथे ग्राहक हमखास फसतो. ०.७६ हा आकडा ०.३२ पेक्षा मोठा दिसतो, पण फ्लोराइड त्यात कमी असतं. कारण संयुगाच्या वजनात फ्लोराइडचा वाटा वेगवेगळा असतो: सोडियम फ्लोराइडमध्ये सुमारे ४५ टक्के, स्टॅनस फ्लोराइडमध्ये सुमारे २४ टक्के, मोनोफ्लुओरोफॉस्फेटमध्ये जेमतेम १३ टक्के. टक्केवारीला या वाट्याने गुणायचं आणि १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम धरायचं. ०.३२ टक्के सोडियम फ्लोराइड म्हणजे १,४५० पीपीएम, ०.७६ टक्के मोनोफ्लुओरोफॉस्फेट म्हणजे १,००० पीपीएम, ०.४५४ टक्के स्टॅनस फ्लोराइड म्हणजे १,१०० पीपीएम.

१,००० च्या खालच्या पेस्टची बाजू घेणं कठीण आहे. ‘मुलांसाठी’ म्हणून ५०० पीपीएमच्या, फळांच्या चवीच्या ट्यूब मिळतात. त्यांचा किडीवरचा परिणाम खात्रीचा नाही, आणि गोड चवीमुळे मूल जास्त गिळतं. कमी ताकदीची पेस्ट भरपूर घेण्यापेक्षा १,००० पीपीएमची पेस्ट अगदी थोडी घेणं हे दोन्ही कसोट्यांवर सरस.

थोडी म्हणजे किती? तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, सुमारे ०.२५ ग्रॅम. १,००० पीपीएमच्या पेस्टमध्ये दाण्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड येतं, वाटाण्यात ०.२५. दोन्ही वेळा सगळी पेस्ट गिळली तरी दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला ०.२ मिलिग्रॅम जाईल. एक ते तीन वर्षांसाठी सुसह्य मानलेली वरची मर्यादा दिवसाला १.३ मिलिग्रॅम आहे. आता जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लाट घ्या: ती एक ग्रॅमच्या आसपास जाते, दोन वेळचे दोन मिलिग्रॅम होतात, आणि या वयात मूल थुंकायला शिकलेलं नसतं. ब्रशभर पेस्टचं ते चित्र छोट्या मुलांच्या खोक्यावर छापणं हा या सगळ्या धंद्यातला सगळ्यात बेजबाबदार प्रकार आहे. पेस्ट मोठ्याने लावावी, ट्यूब मुलाच्या हातात देऊ नये.

वापरात काय चुकतं

सगळ्यात महागडी चूक शेवटच्या दहा सेकंदांत होते. दोन मिनिटं नीट घासून झाल्यावर माणूस ओंजळ भरभरून चुळा भरतो, आणि साठा भरायला आलेलं फ्लोराइड मोरीत जातं. फेस थुंकायचा, नीट थुंकायचा, आणि तिथेच थांबायचं. चूळ नाही. फारच चिकट वाटलं तर घोटभर पाणी घेऊन ते उरलेल्या पेस्टसकट तोंडात अर्धा-एक मिनिट खेळवायचं आणि थुंकायचं. पहिले काही दिवस चव रेंगाळते, मग सवय होते. त्यानंतर निदान अर्धा तास खाणंपिणं नको.

रात्रीचा ब्रश चुकवू नये, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. धुऊन नेणारं कुणी नसल्यामुळे तोंडात राहिलेलं फ्लोराइडही जास्त वेळ टिकतं. आंबट काही खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच घासू नये. इनॅमल तेव्हा मऊ पडलेलं असतं. पाण्याने तोंड धुऊन अर्ध्या तासाने घासावं. ब्रश आधी ओला करावा की कोरडा ठेवावा यावर लोक हिरीरीने वाद घालतात. त्याने काहीही फरक पडत नाही.

माउथवॉश

०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड म्हणजे सुमारे २२५ पीपीएम. रोज १० मिलिलिटर, एक मिनिट खेळवून थुंकायचं. ०.२ टक्केवालं म्हणजे ९०० पीपीएमचं आठवड्यातून एकदा, बहुधा शाळांच्या कार्यक्रमांत. माल चांगला, वेळ चुकीची, असं याचं होतं. ब्रश केल्यावर लगेच माउथवॉश घेणारा माणूस १,४५० पीपीएमचा फेस २२५ च्या पाण्याने धुऊन टाकतो. त्याची जागा ब्रशपासून दूर आहे, दुपारच्या जेवणानंतर वगैरे. तारा बसवलेल्या मुलांना आणि तोंड कोरडं पडणाऱ्यांना याचा खरा फायदा. ज्याचे दात बरे आहेत आणि जो दोन वेळा नीट घासतो त्याला या बाटलीची गरज नाही. सहा वर्षांखाली अजिबात नको, कारण मूल गिळतं. आणि बाटलीवर फ्लोराइडचा उल्लेख नसेल तर ते नुसतं सुगंधी पाणी समजावं.

५,००० पीपीएमची पेस्ट

१.१ टक्का सोडियम फ्लोराइड. ही सौंदर्यप्रसाधनाच्या फळीवरची वस्तू नाही, दंतवैद्याच्या सल्ल्याने घ्यायची. मुळांवरची कीड हे तिचं खरं क्षेत्र. वयानुसार हिरड्या खाली सरकतात, मुळाचं डेंटिन उघडं पडतं, आणि ते ६.२ ते ६.४ पीएचलाच विरघळू लागतं, इनॅमलच्या कितीतरी आधी. तिथे साध्या पेस्टचा साठा अपुरा पडतो. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेले, लाळ आटवणारी औषधं चालू असलेले, यांच्यासाठी ही पेस्ट दात वाचवते. दोष एकच, आणि तो घरातल्या इतरांसाठी: ती साध्या पेस्टशेजारी ठेवू नये. मुलाच्या हाती लागली तर काय, याचा हिशोब पुढे आहे.

खुर्चीत बसून घ्यायचे प्रकार

आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडचं जेल, म्हणजे १२,३०० पीपीएम, पीएच साधारण ३.५. ट्रेमध्ये भरून चार मिनिटं दातांवर धरतात. आम्लामुळे इनॅमलचा पृष्ठभाग किंचित उघडतो आणि फ्लोराइड भरपूर बसतं. पण हिशोब करा: दोन ट्रेमध्ये मिळून ५ मिलिलिटर जेल भरलं तर तोंडात एका वेळी ६० मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असतं. म्हणून रुग्णाला ताठ बसवायचं, डोकं मागे टेकवायचं नाही, लाळ ओढणारी नळी सतत चालू, ट्रे एक-तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही, आणि काढल्यावर नीट थुंकायला लावायचं. हे न होता मूल घरी जाऊन ओकलं तर दोष जेलचा नसतो. शिवाय हेच आम्ल पोर्सेलिनच्या कॅपची चकाकी खातं आणि ग्लास आयनोमरचं फिलिंग खरबरीत करतं. तोंडात असं काम असेल तर आम्ल नसलेलं जेल मागून घ्यावं. सहा वर्षांखाली जेल नको.

वार्निशने ही सगळी कटकट संपवली. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, २२,६०० पीपीएम, आकडा जेलहून मोठा, पण लागतं चिमूटभर: दुधाच्या दातांना साधारण ०.२५ मिलिलिटर. राळेच्या पायामुळे ते दाताला चिकटून बसतं आणि तासन्‌तास फ्लोराइड सोडत राहतं. गिळलं जातं ते हळूहळू, त्यामुळे रक्तातली पातळी उसळत नाही. तोंडात नुकताच पहिला दात आलेल्या बाळालाही ते लावता येतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात कायमच्या दातांत किडीचं प्रमाण ४३ टक्क्यांनी, दुधाच्या दातांत ३७ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात फ्लोराइड पेस्टचा आकडा २४ टक्के होता. वार्निशचे अभ्यास आणि पेस्टचे अभ्यास वेगळ्या मुलांवरचे, म्हणून हे दोन आकडे समोरासमोर उभे करून कुस्ती लावू नये. पेस्ट रोजची आहे, वार्निश तीन ते सहा महिन्यांनी.

लावणाऱ्याचं काम दोन ठिकाणी चुकतं. एक, पुडीतलं सोडियम फ्लोराइड तळाला बसलेलं असतं. ब्रशने नीट ढवळल्याशिवाय वरवरचं लावलं तर दातावर बरीचशी राळच लागते. दुसरं, ज्या फटी आणि मागच्या दाढांच्या खाचा महत्त्वाच्या, त्याच घाईत सुटतात. दात कापसाने टिपून घ्यायचे, पातळ थर द्यायचा. लाळ लागली की तो घट्ट होतो. त्यानंतर चार तास कडक, गरम, चिकट काही खायचं नाही, आणि त्या रात्री ब्रश नाही. दात दिवसभर पिवळट, खरबरीत लागतात, ते निघून जातं. राळेची अ‍ॅलर्जी असेल, हिरड्यांना जखमा असतील, किंवा दम्यासाठी कधी रुग्णालयात भरती व्हावं लागलं असेल तर आधी सांगावं.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा या यादीतला सगळ्यात कुरूप आणि कदाचित सगळ्यात उपयोगी माल. ३८ टक्क्यांच्या द्रावणात ४४,८०० पीपीएम फ्लोराइड आणि सोबत चांदी. चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेलं डेंटिन टणक करतं, आणि पडलेला खड्डा ड्रिल न लावता जागच्या जागी थांबतो. एका भेटीत एक थेंब अनेक दातांना पुरतो. आधी ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन लावायचं, खड्डा कोरडा करायचा, बारीक ब्रशने मिनिटभर द्रावण लावायचं, जादा टिपून घ्यायचं. किडलेला भाग कोळशासारखा काळा पडतो, कायमचा. निरोगी इनॅमल काळं पडत नाही. त्वचेला लागलं तर डाग आठवडा-दोन आठवडे राहतो, कपड्याला किंवा टेबलाला लागलं तर राहतोच. समोरच्या दातांसाठी आईवडिलांना फोटो दाखवून आधी होकार घेतला नाही तर भांडण ठरलेलं. खड्डा भरून निघत नाही, दात ठणकत असेल म्हणजे कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली असेल तर उपयोग नाही, चांदीची अ‍ॅलर्जी असेल तर वापरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड पेस्टसोबत हेही घातलं.

पोटात गेलं तर

गिळलेलं फ्लोराइड जठरातल्या आम्लात हायड्रोजन फ्लोराइड होऊन झटपट शोषलं जातं, रिकाम्या पोटी ८० ते ९० टक्के. अर्ध्या ते एका तासात रक्तात शिखर गाठतं. दूध किंवा कॅल्शियम सोबत असेल तर शोषण घटतं. मोठ्या माणसात शोषलेल्यापैकी साधारण निम्मं मूत्रपिंडं बाहेर टाकतात, उरलेलं हाडांत जातं. वाढत्या मुलात हाडं जास्त धरून ठेवतात. शरीरातलं ९९ टक्के फ्लोराइड हाडांत आणि दातांत असतं. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसात ते साचतं, म्हणून त्याने पाण्यातल्या पातळीकडे आणि गिळल्या जाणाऱ्या प्रत्येक मिलिग्रॅमकडे जास्त लक्ष द्यावं.

एकदम जास्त गेलं तर धोक्याची रेषा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम धरतात. १० किलोच्या मुलासाठी ५० मिलिग्रॅम. १,४५० पीपीएमच्या पेस्टची ती साधारण ३५ ग्रॅम होते, एका मध्यम ट्यूबचा मोठा भाग. ५,००० पीपीएमच्या पेस्टची फक्त १० ग्रॅम. मळमळ, लाळ सुटणं, पोटात कळ आधी येते. पुढे रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरी उलटी काढायला लावू नये. दूध पाजावं आणि रेषेच्या जवळपास मात्रा गेली असेल तर थेट रुग्णालयात न्यावं, ट्यूब सोबत घेऊन. वाटाण्याएवढी पेस्ट गिळल्यावर मात्र यातलं काहीही होत नाही.

रोज थोडं जास्त जाण्याचा परिणाम वेगळा. आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचं इनॅमल जबड्यात पिकत असतं. त्या काळात जास्त फ्लोराइड गेलं की पिकताना जी प्रथिनं निघून जायला हवीत ती रेंगाळतात, आणि इनॅमल आतून सच्छिद्र राहतं. सौम्य प्रकारात पांढऱ्या रेघा, तीव्र प्रकारात तपकिरी डाग आणि खळगे. यालाच फ्लोरोसिस म्हणतात. पुढच्या दातांसाठी दुसरं-तिसरं वर्ष सगळ्यात नाजूक. दात बाहेर आल्यावर फ्लोरोसिस होत नाही, त्यामुळे मोठ्यांनी पेस्टला घाबरण्याचं कारण नाही. मेंदूच्या वाढीबद्दलची चर्चा पाण्याच्या संदर्भातली आहे: अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने २०२४ मध्ये, लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, असं मध्यम विश्वासाने म्हटलं. लिटरला ०.७ मिलिग्रॅम इतक्या कमी पातळीबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, हेही तिथेच म्हटलं आहे. थुंकलेल्या पेस्टला हा निकाल लावणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत.

म्हणून कोणती पेस्ट घ्यावी या प्रश्नाआधी, विहीर किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्या घराने पाणी तपासून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त निघालं तर उपाय पाण्यावर करायचा, पेस्ट बंद करून नाही. उकळून फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्यात ते घट्ट होतं. मेणबत्ती गाळणी, कोळशाचा साधा फिल्टर, अतिनील दिवा, यांनीही जात नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा गाळा लागतो, आणि अ‍ॅल्युमिना भरला की तो पुनरुज्जीवित करावा किंवा बदलावा लागतो. बसवल्यावर गाळलेलं पाणीही दर काही महिन्यांनी तपासावं, कारण भरून गेलेल्या गाळ्यातून येणारं पाणी दिसायला आणि चवीला आधीसारखंच असतं.